गोव्याच्या दमट हवेत रेकॉर्ड प्लेअर: लावायचा कसा, जपायचा कसा

गोव्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी ट्रंक असतेच, आत आजोबांच्या रेकॉर्ड्स, नाट्यपदं, भजनं, कुठे कोकणी गाणी. हल्ली घरात नवीन टर्नटेबल आला की ती ट्रंक पहिली खाली उतरते आणि आतली रेकॉर्ड पुसून थेट थाळीवर चढते. तेवढं करू नका. आधी हा लेख वाचा, कारण या घाईत गेलेली रेकॉर्ड परत मिळत नाही, आणि आपल्याकडे तर चार महिने ओल अशी असते की चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी धरते.

आधी मशीन. घरातला कोणी तारवटी (जहाजावर नोकरीला) असेल आणि त्याने अमेरिकेतून टर्नटेबल आणला असेल तर मागची पट्टी नीट वाचा. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावला की झालं असं लोकांना वाटतं, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि ज्या मशीनची एसी मोटर थेट लाइनवर चालते ती इथे हळू फिरते, म्हणजे ३३ची रेकॉर्ड मिनिटाला २८च्या आसपास फेरे घेते आणि गायिकेचा आवाज जड, ओढल्यासारखा येतो. काही मशीनला ५० हर्ट्झची वेगळी पुली (मोटरवरचं छोटं चाक) मिळते. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला हा त्रास नाही, फक्त अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं आहे ना ते बघा.

ठेवायचा कुठे? समुद्राकडच्या खिडकीजवळ नको, खारी हवा पिना आणि प्लग खाते. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर कोणी चाललं की सुई उडी मारते, तिथे टेबलापेक्षा भिंतीतली फळी बरी. चिऱ्याची भिंत ठिसूळ असते, म्हणून लांब स्क्रू आणि लांब प्लग मारून घ्या. फळी लेव्हलमध्ये पाहिजे, पाणसळ किंवा मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप थाळीवर ठेवून दोन्ही बाजूंनी तपासा. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका, नाहीतर आवाज वाढवला की घुमायला लागतं.

आता टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं वजन. सगळ्यात जास्त रेकॉर्ड्स इथेच खराब होतात म्हणून सावकाश करा. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली चावी) शून्यावर. सुईचं टोपण काढा, आर्म हाताने धरून रेकॉर्ड नसलेल्या जागी आणा आणि मागचं वजन पुढेमागे फिरवत जा, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत, वर नाही खाली नाही. तरंगला की आर्म स्टँडवर लॉक करा आणि वजन न हलवता फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा. मग वजन आणि रिंग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसते तो आर्मच्या टोकाचा भाग) कागदावर दिलेल्या आकड्यावर न्या, साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला बहुतेक दीड ते दोन ग्रॅम, काही स्वस्त कार्ट्रिजना तीनपर्यंत. अँटीस्केट तेवढंच ठेवा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते असं बरेच जण समजतात, उलट सुई खोबणीत नीट न बसता भिंतींवर आपटते आणि जास्त नुकसान करते. हौस वाढली तर छोटा डिजिटल काटा घ्या, रिंगवरच्या आकड्यापेक्षा तो खरा. सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरमध्ये हे काहीच बदलता येत नाही आणि सुईचा भारही जास्त असतो, आजोबांच्या रेकॉर्ड्स त्यावर नकोतच.

कार्ट्रिजचा सिग्नल फार बारीक, चार-पाच मिलिव्होल्टचा, त्यामुळे फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, मशीनमध्ये असेल तर ठीक, नसेल तर वेगळा. गुणगुण येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला घट्ट बांधलीय का ते पहिलं बघा.

आता ट्रंक. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आणि ३३च्या एलपी आधी वेगळ्या करा. हातात घेतल्यावर कळतं, ७८ची जड आणि ठिसूळ, पडली की तुकडे. ती लाखेची असते आणि एलपी व्हिनाइलची, आणि दोघींना औषध वेगळं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, अल्कोहोल काहीही लावायचं नाही. सुतार पॉलिश कसं करतो आठवा, चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून. ती चपडी म्हणजेच लाख. अल्कोहोलचा बोळा फिरवलात की वरचा थर विरघळतो, म्हणजे गाणंच पुसलं जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर ओला करून पिळून घ्या, खोबणीच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही, लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने आणि मग कोरड्या फडक्याने. भिजत घालू नका. लेबलला पाणी लावू नका.

व्हिनाइलवर पांढरी बुरशी असेल तर मास्क लावून बाहेर बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून साफ करा, घरात ती पावडर उडवू नका. इथे चार भाग डिस्टिल्ड वॉटरला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, शिवाय साबणाचा एक थेंब, आणि शेवटी परत साधं डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी नको, क्षार खोबणीत राहतात आणि मग कटकट आवाज येतो. सावलीत पंख्याखाली उभ्या करून वाळवा, उन्हात ठेवलेली एलपी वाकते, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तर पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.

७८ वाजवायची तर सुई वेगळी लागते, इथे तडजोड नाही. त्यांची खोबण रुंद, सुईचं टोक तीन मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाहिजे, एलपीची सुई साधारण पाऊण मिलची, ती तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुईही जाते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ कार्ट्रिजला एसपी नावाची ७८ची सुई तशीच बसते, फक्त भार पाच ग्रॅमच्या आसपास द्यावा लागतो, तेवढा तुमच्या आर्मला देता येतो का आणि मशीनला ७८चा वेग आहे का ते घेण्याआधी बघा. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेलं, तेव्हा पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आणि वेग कसा ठेवायचा ते कव्हरवर चित्राने कोरलं. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली, मग घरच्या दीनानाथांच्या आणि मोगूबाईंच्या तबकड्यांना योग्य सुई द्यायलाच हवी.

रोजची देखभाल थोडीच. वाजवण्याआधी कोरडा कार्बन फायबर ब्रश. सुई मागून पुढे झाडा, डावी-उजवीकडे नाही, बोटाने तर मुळीच नाही. चांगली सुई ५०० ते १००० तास जाते, गाण्यातला ‘स’ सतत फुटायला लागला की बदलायची वेळ झाली. थाळी फिरवणारा रबरी बेल्ट ढिला पडला की सूर हलतो, तो बदला आणि पुली अल्कोहोलने पुसा, बेल्टला तेलकट हात लावू नका.

पावसाळ्यासाठी: रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती घाम सोडते. आतलं जुनं कागदी पाकीट काढून नवीन घाला, बुरशी कागदातच राहते. कपाटात खाली सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत. पूर्वी कॅमेऱ्याच्या कपाटात बारीक बल्ब लावायचे तसा लावणार असाल तर तारेचाच हवा, एलईडी गरम होत नाही, आणि रेकॉर्ड्सपासून लांब ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत. वाळवी बघायला महिन्यातून एकदा मागची फळी तपासा. मेच्या शेवटी गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा, स्विच बंद करून भागत नाही.

आणि ७८ची तबकडी साफ करून योग्य सुईने पहिल्यांदा लावाल तेव्हाच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घ्या. तिची दुसरी प्रत बहुतेक मिळणार नाही, आणि मुंबई-दुबईच्या चुलत भावंडांना पाठवायलाही फाइल लागतेच.