दिवाणी दाव्यात मोफत वकील मिळवताना: सोबत जाणाऱ्याने काय पाहावे

फौजदारी खटल्यात आरोपीकडे वकील नसेल तर न्यायालय स्वतःहून त्याची विचारणा करते; दिवाणी दाव्यात मात्र पक्षकाराने मागणी केल्याखेरीज मदत सहसा पुढे येत नाही. घर रिकामे करण्याचा दावा, पोटगी, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी अशा वादात सापडलेल्या गरीब माणसाला ही मागणी करता यावी, यासाठी कार्यालयापर्यंत त्याच्यासोबत जाणारे कोणीतरी लागते. शेजारी, शिक्षक किंवा संस्थेचा कार्यकर्ता म्हणून आपण ते काम करणार असाल, तर पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

सर्वांत आधी समन्स पाहावे. ते बहुधा चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाच्या मागे ठेवलेले असते आणि नेमकी तारीख घडीवरच पुसट झालेली असते. ती तारीख आणि समन्स हाती पडल्याचा दिवस, दोन्ही वेगळ्या कागदावर लिहून घ्यावेत, कारण सर्वसाधारण दाव्यात प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्यावर दावा झाला आहे त्याने, 30 दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यावयाची असते आणि न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. मोफत वकिलासाठी अर्ज केला म्हणून ही मुदत थांबत नाही. म्हणून वकील मिळालेला नसला तरी तारखेला हजर राहून, अर्जाची पोच दाखवून मुदत मागावी. गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी, म्हणजे आपली बाजू न ऐकताच, चालू शकतो. एकतर्फी हुकूमनामा (न्यायालयाचा दाव्यातील निर्णय) झालाच, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो आणि गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात.

पात्रतेबाबत गैरसमज फार आहेत. पिवळी शिधापत्रिका असल्याशिवाय वकील मिळत नाही, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या आणि आपत्तिग्रस्त व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच लागू नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. याचा अर्थ असा की नोकरी करणारी स्त्रीही पात्र ठरते, आणि हे तिला कोणीतरी ठामपणे सांगावे लागते. उत्पन्नाचा दाखला मिळण्यास उशीर होत असेल तर थांबू नये. कलम 13 नुसार, अविश्वासाचे कारण नसल्यास अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे, याबद्दल मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे समाधान व्हावे लागते.

अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा. कोठे जावे हे कळत नसल्यास 15100 या क्रमांकावर विचारता येते. साधा कागद चालतो. त्यावर सगळी कौटुंबिक कहाणी लिहिण्याचा मोह टाळावा. ‘पतीच्या निधनानंतर दिरांनी सातबाऱ्यावर माझे नाव लावू दिले नाही, मला वाटणीचा दावा दाखल करावयाचा आहे, मी महिला असल्याने कलम 12 खाली पात्र आहे,’ इतके पुरते. अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचे म्हणणे कार्यालयातच लिहून घेतले जावे, अशी अपेक्षा आहे. पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत; त्या निर्णयाविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.

वकील नेमल्यावर त्याची फी प्राधिकरण देते. न्यायालय शुल्क, समन्स बजावणीचा खर्च, प्रमाणित प्रती आणि मसुदा लेखनाचा खर्चही या मदतीत येतो. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील (यादीतील) वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागता कामा नयेत. मागितल्यास लेखी तक्रार करून वकील बदलून मागावा. तरीही मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असे मानून पहिल्या भेटीतच अविश्वास दाखवणे पक्षकाराच्याच तोट्याचे ठरते. त्यापेक्षा घटना तारीखवार एका पानावर मांडून, मूळ कागद स्वतःकडे ठेवून त्यांच्या प्रती द्याव्यात. माझ्या मते सोबत जाणाऱ्याचा खरा उपयोग येथेच होतो.

प्रकरण लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवणाऱ्या मंचापुढे, ठेवण्याचा प्रस्ताव आल्यास घाई करू नये. तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, पण त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील करता येत नाही. तडजोड अमान्य असल्यास तसे स्पष्ट सांगावे. प्रकरण पुन्हा न्यायालयात जाते. मान्य असेल तर सहीपूर्वी मसुदा पक्षकाराला सावकाश वाचून दाखवावा, आणि रक्कम, हप्त्यांच्या तारखा, ताबा कोणी कधी द्यावयाचा आणि हप्ता चुकल्यास काय होईल, हे चारही मुद्दे त्यात लिहिलेले आहेत का, ते पाहावे.