थंडीतील नौकानयनासाठी मोज्यांची निवड

शिडाच्या नौकेवर थंडीच्या दिवसांत पाय गारठतात ते केवळ हवा थंड असल्यामुळे नव्हे. सुकाणू धरून किंवा दोर सांभाळत माणूस तासन्‌तास जवळजवळ एकाच जागी बसलेला असतो, त्यामुळे डोंगर चढणाऱ्याच्या पायांना हालचालीने जी ऊब मिळते ती त्याला मिळत नाही. त्यात डेकवर उसळलेले पाणी बुटात शिरते, आणि ते शिरले नाही तरी बंद रबरी बुटात घाम साचतोच. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून मोजा कोरडा असताना किती उबदार आहे यापेक्षा तो ओला झाल्यावर कसा वागतो, हे आधी पाहावे.

या कसोटीवर सुती मोजे लगेच बाद होतात. ते पाणी धरून ठेवतात, ओले झाल्यावर चपटे होऊन पायाला चिकटतात आणि सावकाश वाळतात. लोकरीचा तंतू मात्र मुळातच कुरळा असल्याने भिजल्यावरही त्यात थोडीफार हवा अडकून राहते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प हाताला ओलसर न लागता शोषून घेऊ शकते आणि तसे करताना किंचित उष्णताही सोडते. ओली लोकर कोरडीइतकीच उबदार असते, हा समज मात्र खरा नाही. ती सुतापेक्षा बरीच बरी, एवढेच म्हणता येईल.

लेबलवर ‘शंभर टक्के मेरिनो’ (मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर) असे लिहिलेले पाहून हुरळून जाऊ नये. मेरिनो मऊ लागते ती तिचा तंतू बारीक असतो म्हणून, आणि त्याच बारीकपणामुळे टाच व बोटांपाशी ती लवकर झिजते. मिठाचे कण आणि बुटाचे सततचे घर्षण यांपुढे नुसती लोकर फार काळ टिकत नाही. साधारण साठ-सत्तर टक्के लोकर, उरलेल्यात बहुतांश नायलॉन आणि मोजा जागेवर राहावा इतपत इलास्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा), असे मिश्रण मला सर्वांत व्यवहार्य वाटते. खरेदी करताना टाचेचा भाग दोन्ही हातांनी किंचित ताणून उजेडासमोर धरावा. वीण विरळ दिसली, तर किंमत कितीही असो, तो मोजा ठेवून द्यावा. आतल्या बाजूने टॉवेलसारखे दाट फासे असतील तर ऊबही मिळते आणि पायाला गादीही. बोटांवरची शिवण सपाट आहे ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण ओल्या त्वचेला जाड शिवण लवकर काचते.

सर्वाधिक चुका जाडीच्या बाबतीत होतात. बुटात जागा नसताना जाड मोजा कोंबला, की त्यातली हवा दाबली जाते, रक्तप्रवाह मंदावतो आणि पाय पातळ मोज्यात गारठले असते त्याहूनही अधिक गारठतात. एकावर एक दोन मोजे घालणाऱ्यांचेही नेमके हेच होते. आत पातळ मेरिनोचा किंवा पॉलिप्रॉपिलीन या पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचा आणि बाहेर मध्यम जाडीचा मोजा ही जोडी उत्तम, पण बुटात बोटे मोकळेपणाने हलत असतील तरच. यासाठी समुद्री बूट विकत घेताना हेच मोजे घालून ते पायात चढवून पाहावेत. मोज्याची उंची बुटाच्या काठापेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे काठ पोटरीला घासत नाही. वरचा इलास्टिकचा पट्टा मात्र त्वचेवर खोल वळ उठवणारा नसावा.

मध्ये पातळ पडदा असलेले जलरोधक मोजे पावसात आणि शिंतोड्यांत उपयोगी पडतात; परंतु पाणी वरच्या काठातून आत गेले की ते बाहेर पडत नाही. ते लोकरी मोज्यांवर चढवायचे असल्याने बुटात त्यांचीही जागा धरावी. नौका पाण्यात ढकलतानाच गुडघ्यापर्यंत भिजावे लागते अशा छोट्या उघड्या नौकांवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे (फेसाळ कृत्रिम रबराचे) मोजे अधिक योग्य, कारण तेथे पाय कोरडा ठेवण्याची आशाच नसते.

खाऱ्या पाण्यात भिजलेला मोजा नुसता वाळत घातला तर मागे राहिलेले मीठ हवेतील ओल ओढत राहते आणि तो पुरता कोरडा होत नाही. म्हणून जमेल तेव्हा तो गोड्या पाण्यात खळबळून घ्यावा. घरी सौम्य साबणाने थंड पाण्यात धुवावा, फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा आणि सावलीत वाळवावा. अनेक दिवसांच्या प्रवासात एक जोड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा आणि डेकवर जाताना तो घालण्याचा मोह आवरावा. डेकवरची कामाची पाळी संपल्यावर ओले मोजे लगेच काढून पाय पुसावेत. पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असले तरी पाय दीर्घकाळ ओले व थंड राहिल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते. बधिरपणा जात नसेल, तर पाय चोळू नयेत किंवा शेगडीशी धरू नयेत. कोरडे करून हळूहळू उबेत आणावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत.