कंटेनरवरचा चौकोन वाचायला शिका

गोव्यात वास्कोला पोर्टच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे अडकलात ना, तर नुसता हॉर्न मारत बसू नका, कंटेनरवरचा तिरका चौकोन बघा. धोक्याचा माल असेल तर तो चारही बाजूंना लावायचा असतो. लाल म्हणजे पेट घेणारं, केशरी स्फोटक, निळा म्हणजे पाणी लागलं की भडकणारं, आणि पिवळा, खालच्या टोकाला वर्गाचा आकडा ५.१, हा स्वतः ऑक्सिजन देऊन आग वाढवणारा, लेबनॉनमध्ये बैरूतच्या बंदरात २०२० मध्ये स्फोट झाला ना, तिथे गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेलं २७५० टन अमोनियम नायट्रेट ह्याच वर्गातलं. त्याचा यूएन नंबर, म्हणजे धोक्याच्या मालाला जगभर दिलेला चार आकडी क्रमांक, १९४२.

माल पाठवत असाल तर खरं नाव लिहा बाबा, भाडं वाचवायला ‘क्लीनिंग पावडर’ लिहिणारे महाभाग असतात, मग ब्लीचिंगचे ड्रम जहाजात इंजिनाजवळच्या गरम जागी जातात आणि पेटतात.

धूर दिसला तर मोबाईल काढू नका, बैरूतला आधी आगच होती, लोक खिडकीतून शूटिंग करत होते आणि मग काचा आल्या अंगावर. धूर अंगावर येणार नाही अशा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला, आगीपासून लांब पळा, काचेपासून दूर. मग ११२ लावा, लांबूनच यूएन नंबर वाचता आला असेल तर तो आधी सांगा.