गोठ्यात उभी असलेली बीटल विदर्भाच्या उन्हात पुन्हा कशी चालवावी

फोक्सवागन बीटलला रेडिएटर नाही. मागे बसवलेलं चार सिलिंडरचं आडवं इंजिन पंख्याच्या वाऱ्यावर आणि अडीच लिटर ऑइलवर थंड राहतं. मग यवतमाळ-वर्ध्याच्या मे महिन्यात ही जर्मन गाडी टिकेल का? टिकते. शेवटची बीटल २००३ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे बनली, ब्राझीलच्या उकाड्यातही ती अनेक दशकं धावली. उन्हानं ती मरत नाही. वाऱ्याच्या वाटेवरचं एखादं रबर किंवा पत्रा कुणीतरी काढून फेकलेला असतो, त्यानं मरते. म्हणून गोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली बीटल हाती आली, की रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी.

आधी कागद

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण शासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. तेव्हा मूळ रूप राखायचं की आपल्या मनासारखी घडवायची, हे कटर हातात घेण्याआधी ठरवा. छत कापल्यावर हा निर्णय मागे घेता येत नाही.

इंजिन मोकळं करणं

बॅटरी लावून सेल मारण्याची घाई करू नका. पंख्याच्या कवचाशेजारून टॉर्च मारून आत बघा. शेजारी कापूस किंवा सरकी साठवलेली असेल, तर उंदरांचं घरटं हमखास सापडतं. ते सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये दाबून बसलेलं असतं, फुंकून निघत नाही. कवच उतरवूनच काढावं लागतं. तसंच सुरू केलं तर त्या बाजूचं सिलिंडर काही मिनिटांत तापून धरतं.

चारही प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) आणि रॉकेल किंवा डिझेल अर्धं-अर्धं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ३० मिली सोडा. सिलिंडर आडवे असल्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि पिस्टनच्या रिंगची वरची बाजू कोरडीच राहते. म्हणून बारीक नळी आत घालून वरच्या दिशेनं फवारा मारा, आणि दोन-तीन दिवस हे रोज करा. मग डायनमोच्या पुलीच्या नटाला २१ चा, किंवा खालच्या क्रँक पुलीच्या बोल्टला ३० चा पाना लावून हळूहळू पुढे-मागे हलवा. अडलं तर थांबा, पुन्हा फवारा. पाइप लावून जोर केला की रिंग तुटते.

इंजिन फिरलं, की क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ओढा. ही चाल ०.०७ ते ०.१५ मिमी असावी, म्हणजे हाताला जेमतेम जाणवते. ठक-ठक वाजत असेल तर इंजिनची केस (क्रँक ज्यात बसतो ते धातूचं घर) उघडून बेअरिंग बदलल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नका. जुनी बीटल विकत घेताना हीच चाचणी सगळ्यात आधी करावी, रंग नंतर पाहावा.

ऑइल आणि टॅपेट

ऑइल फिल्टर नाही, तळाला फक्त जाळी आहे. तिची गोल प्लेट सहा छोट्या नटांवर बसते. प्लेटच्या दोन्ही बाजूंचं गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर नवे घाला. नट ७ न्यूटन मीटरच्या वर आवळू नका. अल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या केसमधून स्टड उपटून येतात, आणि मग गळती कायमची. ऑइल अडीच लिटर भरा, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या स्क्रूमधला गॅप इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण गार असताना. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याचा अर्थ पहाटे, ऊन चढण्याआधी. प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर त्याच्या कडेवरच्या खाचेशी आणि पुलीची खूण केसच्या मधल्या जोडाशी आली, की एक नंबर सिलिंडरचा गॅप मोजा. पुली अर्धा फेरा उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवली की दोन, मग तीन, मग चार. टॅपेटचा खडखड आवाज नको म्हणून गॅप कमी ठेवणाऱ्या मेस्त्रीला अडवा. गॅप कमी झाला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. १९७१ च्या आधीच्या मॉडेलात ऑइल कूलर तीन नंबरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसतो, म्हणून तो सिलिंडर आधी जातो.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६ ते ०.७.

वाऱ्याची वाट

इथे वेळ द्या. इंजिनच्या वरचा भाग गार हवेचा, खालचा गरम. मधले पत्रे, त्यांच्या कडेची बॉडीला भिडणारी लांब रबरी पट्टी आणि प्लगच्या वायरींवरची चार गोल रबरं हे दोन्ही भाग वेगळे ठेवतात. यातलं एक जरी नसेल, तर पंखा सायलेन्सरजवळची तापलेली हवाच पुन्हा ओढतो.

आपल्याकडे हीटर कशाला म्हणून बरेच जण हीटर बॉक्स काढून टाकतात. काढा, पण मग कवचावरून त्याकडे जाणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची तोंडं पत्र्यानं पक्की बंद करा. नाहीतर सिलिंडरच्या वाट्याचा वारा तिथूनच निसटतो. कवचातल्या झडपा उघडणारी थर्मोस्टॅटची घडीदार डबी फुटलेली असेल, तर झडपा स्प्रिंगनं पूर्ण उघड्या राहतात ना ते हलवून बघा.

पंख्याचा पट्टा मध्यभागी अंगठ्यानं दाबला तर १५ मिमी खाली जावा. ढिला असेल तर पुलीच्या दोन पाळ्यांमधला एक वॉशर काढून बाहेर नटाखाली ठेवा.

पेट्रोल आणि ब्रेक

आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनी रबरी नळी फुगते आणि चिरते. सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणणारी पितळी नळी फक्त दाबून बसवलेली असते. ती हातानं ओढून पाहा. तिच्याखालीच डिस्ट्रिब्युटर आहे; नळी निघाली की आग.

टाकी आतून गंजलेली असेल तर दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्त घालून भरा, रात्रभर ठेवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. यापुरतं तरी आपलं ऊन कामाचं.

ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. आतून फुगलेली नळी ऑइल जाऊ देते पण परत येऊ देत नाही, चाक धरून राहतं. मागच्या ड्रमचा ३६ चा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. बसवताना त्याला २९४ न्यूटन मीटर लागतात: एक मीटर पाइपाच्या टोकाला ३० किलोचा जोर. स्प्लिट पिन नवी. हा नट अंदाजानं आवळला, तर ड्रमच्या आतल्या खाचा (स्प्लाइन) घासून जातात.

पत्रा आणि शेवटची तयारी

मागच्या सीटखालचा, बॅटरीजवळचा तळ सर्वांत आधी कुजतो. वेल्डिंग करताना बॉडी शासीला बोल्टनं बांधलेलीच ठेवा, नाहीतर दरवाजे बसत नाहीत. बॅटरीवर जाड रबर टाका. सीटचे स्प्रिंग टर्मिनलला लागून सीटमध्ये भरलेले घोड्याचे केस पेटतात. रंग नोव्हेंबर ते जानेवारीत मारा. मेमध्ये थिनर हवेतच उडतो आणि रंग खरबरीत बसतो.

पहिली फेरी १०-१५ किलोमीटर, सकाळी. डायनमोचा लाल दिवा पेटला तर ताबडतोब गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कारण पंखा त्याच पट्ट्यावर फिरतो. डिकीत एक जास्तीचा पट्टा आणि २१ चा पाना कायम ठेवा.