जिरोंदची खाडी बघायची तर सुरुवात कुठून करायची?

आधी नकाशा उघडा आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या उत्तरेला बेक दांबेस शोधा, तिथे गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येतात आणि पुढे जे पाणी समुद्राकडे जातं त्याला जिरोंद म्हणतात, म्हणजे जिरोंद ही वेगळी नदी नाहीच, साधारण 75 किमीची खाडी आहे, मुखाजवळ 10 किमीहून जास्त रुंद. पाणी चहासारखं गढूळ दिसेल, घाबरू नका, ती घाण नाही, भरती-ओहोटीने घुसळलेला गाळ आहे.

मग एक किनारा पकडा. पश्चिमेला मेदोक, खडीची जमीन आणि द्राक्षमळेच द्राक्षमळे. पूर्वेला ब्लायचा किल्ला, वोबां या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मजबूत केलेला, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत. मला विचाराल तर पूर्वेचाच घ्या, काठावर खांबांवर उभ्या मासेमारीच्या झोपड्या असतात, खाली चौकोनी जाळं लटकलेलं, तेवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही. पलीकडे जायला ब्लाय ते लामार्क फेरी आहे, गाडीसकट.

कोर्दुआंचं दीपगृह मुखाशी भर समुद्रात आहे, 1611 मध्ये पूर्ण झालेलं. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात त्यामुळे रोज बदलतात, आधी टाइमटेबल बघूनच प्लॅन करा, आणि शेवटचा थोडा भाग पाण्यातून चालावा लागू शकतो तेव्हा चांगले बूट घालू नका. वर 301 पायऱ्या आहेत बरं का.

मोठ्या भरतीच्या दिवसांत असाल तर दोर्दोन्यवर सें-पार्दोंला जा, लाट उलटी नदीत चढते आणि पोरं त्यावर सर्फिंग करतात!