जुन्या अमेरिकी कॉलेज फुटबॉल संघाचा हंगाम कसा वाचावा

घरातले कोणी न्यू जर्सीत शिकायला गेले की मुंबईतल्या आईवडिलांनाही त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी कुतूहल वाटू लागते, आणि संघाचा इतिहास उघडला की एकोणिसाव्या शतकातल्या हंगामांचे तक्ते समोर येतात. या तक्त्यांतले आकडे आजच्या नियमांनी वाचले तर हमखास चुकीचे कळतात. म्हणून गुण पाहण्याआधी साल पाहावे आणि त्या साली कोणते नियम लागू होते हे ठरवूनच पुढे जावे.

सुरुवात १८६९ पासून करावी. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये, आज जिथे कॉलेज अ‍ॅव्हेन्यू जिम्नॅशियम उभे आहे त्या जागी, रटगर्स कॉलेजच्या संघाने प्रिन्स्टनच्या संघाला ६-४ असे हरवले. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते, चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा नव्हती आणि हे सहा म्हणजे सहा गोल होते. त्यामुळे मुंबईच्या कूपरेज मैदानावर फुटबॉलचे सामने पाहत आलेल्या माणसाला हा खेळ आजच्या अमेरिकी फुटबॉलपेक्षा अधिक ओळखीचा वाटेल. आठवड्याने प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली आणि हंगाम तिथेच संपला. एक विजय, एक पराभव, एवढाच तो हंगाम.

त्यानंतर खेळ रग्बीकडे, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याकडे वळला. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने खेळाडू अकरा झाले, आणि १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत, पाच यार्ड पुढे सरकण्याची अट आली. गुणांची किंमत मात्र पुढेही बदलत राहिली, आणि घोटाळा होतो तो इथेच. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, १८८४ पासून चार, १८९८ पासून पाच आणि १९१२ पासून सहा गुण मिळू लागले. फील्ड गोलचे, म्हणजे खेळ चालू असताना चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याचे, गुण मात्र पाचावरून १९०४ मध्ये चार आणि १९०९ मध्ये तीन असे उतरत गेले. ही साले वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

सरावासाठी टेनेसीतल्या सिवानी या लहानशा कॉलेजचा १८९९ चा हंगाम घ्यावा. माझ्या मते शिकण्यासाठी याहून चांगला हंगाम नाही. बारा सामने, बारा विजय, आणि साऱ्या हंगामात विरोधकांना मिळालेले गुण दहा, तेही एकट्या ऑबर्नला, ११-१० अशा सामन्यात. ९ ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांत, मधला रविवार सोडून, या मुलांनी टेक्सास, टेक्सास ए अँड एम, ट्युलेन, लुईझियाना स्टेट आणि मिसिसिपी या पाचही संघांना एकही गुण न देता हरवले, आणि त्यासाठी रेल्वेने सुमारे ४,००० किलोमीटर प्रवास केला, म्हणजे मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळजवळ तिप्पट. टेक्सासविरुद्धचा १२-० हा निकाल आता वहीतल्या नियमांनी सोडवून पाहावा. टचडाउनचे पाच आणि त्यानंतर गोलखांबांमधून मारलेल्या किकचा एक, असे दोनदा केले की बारा होतात. आजच्या हिशोबाने तेच बारा गुण किक हुकलेल्या दोन टचडाउनचे ठरले असते, आणि सामन्याचे सारे चित्रच पालटले असते.

विजय-पराभवांच्या नोंदीत तिसरा आकडा दिसला तर तो बरोबरीचा समजावा, कारण त्या काळी जादा वेळ खेळवला जात नसे. प्रतिस्पर्ध्यांची नावेही नीट पाहावीत: कॉलेजांच्या जोडीला अ‍ॅथलेटिक क्लब, वायएमसीए, कधी शाळांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे संघही त्याच यादीत असतात, आणि अशा विजयांचे वजन वेगळे धरावे लागते. पुढच्या दिशेने फेकलेल्या पासांचे वर्णन १९०६ च्या आधीच्या सामन्यात आढळले, तर थांबून पुन्हा तपासावे. चेंडू हाताने पुढच्या दिशेने फेकण्याची परवानगी त्या वर्षी मिळाली, आणि तिच्यामागे १९०५ च्या हंगामातले मृत्यू व गंभीर दुखापती होत्या.

उरते ती ‘राष्ट्रीय विजेता’ ही पदवी. ती कोणी आणि केव्हा दिली हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये, कारण जुन्या हंगामांचे बहुतेक विजेते कित्येक दशकांनंतर मागे वळून ठरवलेले आहेत, आणि १८६९ च्या विजेतेपदासाठी तर रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोघांचीही नावे घेतली जातात.