सान होसेला रात्री अडकलात तर सान होसेत जाऊ नका

कोस्टा रिकात कनेक्शन चुकलं किंवा विमान रद्द झालं आणि रात्र काढायची वेळ आली की बहुतेक जण एकच चूक करतात, बाहेर येऊन टॅक्सीवाल्याला "सान होसे", म्हणजे राजधानी, सांगतात. मीही तेच सांगणार होते. बोर्डवर, तिकिटावर सगळीकडे सान होसे लिहिलंय म्हटल्यावर माणूस दुसरं काय सांगणार. पण एअरपोर्ट आहे आलाहुएला नावाच्या गावाला चिकटून, तिथला मधला चौक जेमतेम तीन किलोमीटर, आणि सान होसे त्याच्या पाच-सहा पट लांब, वर मधला जनराल कान्यास हायवे सकाळी असा तुंबतो की पहाटेचं विमान असेल तर जीव टांगणीला. एका रात्रीसाठी आलाहुएलाच बरं.

पण बाहेर पडायच्या आधी काउंटर सोडू नका. विमान कशामुळे रद्द झालं ते विचारा. विमानात बिघाड असेल तर हॉटेलचं व्हाउचर मिळायची शक्यता जास्त, हवामान किंवा ज्वालामुखी असेल तर हात वर करतात (हो, ज्वालामुखी, 2015 च्या मार्चमध्ये तुरियाल्बाच्या राखेने हा एअरपोर्ट बंद पडला होता). व्हाउचर मागितल्याशिवाय कोणी देत नाही, मला तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळालं आणि तेही ड्रॉवरमधून असं काढलं की जणू स्वतःच्या खिशातून देतायत. सकाळचं नवीन बोर्डिंग पास आणि बॅग कुठे आहे हे तिथेच विचारून घ्या.

मग व्हिसा. भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू मल्टिपल एन्ट्री व्हिसा असला तर सहसा त्यावर आत सोडतात. नियम बदलत असतात म्हणून रांगेत उभं राहायच्या आधी एअरलाइनवाल्यांकडून खात्री करून घ्या. कोलंबिया किंवा ब्राझीलकडून येत असाल तर यलो फीव्हरच्या लसीचं कार्डही हाताशी ठेवा, ते चेक-इन बॅगेत गेलं की झाला घोळ.

बाहेर आलात की केशरी टॅक्सी एअरपोर्टच्या अधिकृत. गावात फिरणाऱ्या लाल असतात, दारावर पिवळा त्रिकोण. मीटरला तिकडे "मारिया" म्हणतात, बसल्याबसल्या "ला मारिया, पोर फावोर" म्हणायचं, म्हणजे मीटर टाका. उबर पण चालते, ड्रायव्हर पुढे शेजारी बसा म्हणाला तर दचकू नका, टॅक्सीवाल्यांशी वाद नको म्हणून तसं करतात.

आता खरी मजा पत्त्याची. माझ्या हॉटेलचा पत्ता काय तर "कॅथेड्रलपासून 200 मीटर उत्तरेला, 50 मीटर पूर्वेला". बास. घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही. रस्त्यांना नंबर आहेत पण ते कोणी वापरत नाही. आणि हे मीटर मोजायचे नसतात बरं का, 100 मीटर म्हणजे एक ब्लॉक, मग तो खरा 80 चा असो की 120 चा, 50 म्हणजे अर्धा. मी फोनवर 200 मीटर मोजत गेले आणि एका बंद शटरसमोर उभी राहिले, शेवटी एका आजोबांनी हातानेच दोन ब्लॉक आणि एक वळण दाखवलं. काही खुणा तर आता अस्तित्वातच नाहीत, सान होसेजवळच्या सान पेद्रोला "जुन्या इगेरोनपासून" असा पत्ता देतात, म्हणजे एक झाड, जे कधीच पडलंय! म्हणून हॉटेलवाल्यांकडून पिन मागवा किंवा ड्रायव्हरला फोन लावून द्या.

पैसे. डॉलर बऱ्याच ठिकाणी घेतात, सुट्टे कोलोनमध्ये (तिथलं चलन) परत देतात, पण शंभराची नोट किंवा जरा फाटलेली नोट कोणी धरत नाही, तेव्हा लहान नोटा ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलात 13% कर आणि 10% सर्व्हिस आधीच धरलेले असतात, वर टिप द्यायची गरज नाही.

जेवायला "सोदा" शोधा, ते पेय नाही, छोटी घरगुती खानावळ. तिथे "कसादो" मागा, शब्दशः अर्थ विवाहित, ताटात भात, काळे बीन्स, कोशिंबीर, तळलेलं केळं आणि बहुतेक वेळा चिकन, बीफ किंवा मासा असं काहीतरी एकत्र नांदतं. शाकाहारी असाल तर नुसतं "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण कार्ने म्हटलं की त्यांच्या डोक्यात बीफ येतं आणि चिकन किंवा हॅम खुशाल ताटात येतं. "सिन पोयो, सिन हामोन" हेही जोडा. बीन्स कशात परतलेत तेही विचारा, कधीकधी डुकराची चरबी असते. नळाचं पाणी आलाहुएलात आणि सान होसेत पिण्यासारखं असतं, मी प्यायले, काही झालं नाही.

वर्षभर साधारण सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि मे ते नोव्हेंबर दुपारनंतर पाऊस ठरलेला, त्यामुळे दिवस असेपर्यंतच फिरून घ्या. मधल्या चौकात आंब्याची मोठी झाडं आहेत, बाजूला लाल घुमटाचं कॅथेड्रल, तिथे अर्धा तास बसलं तरी अडकल्याचं दुःख कमी होतं. एअरपोर्टला ज्याचं नाव दिलंय तो हुआन सांतामारिया इथलाच पोरगा, 1856 मध्ये निकाराग्वातल्या रिवासच्या लढाईत शत्रूच्या इमारतीला आग लावताना गेला, त्याचं म्युझियम चौकाशेजारीच आहे. एवढं सांगूनही सान होसेत गेलातच तर कोका-कोला नावाच्या बस स्टँडच्या आसपास रात्री पायी फिरू नका.

प्लग अमेरिकेसारखे दोन चपट्या पिनांचे, आपला चार्जर अडॅप्टरशिवाय बसत नाही. बाथरूममध्ये कागद कमोडमध्ये टाकू नका अशी पाटी दिसली तर ती पाळा, पाइप बारीक असतात.

आणि झोपायच्या आधी रिसेप्शनला सकाळची गाडी सांगून ठेवा, किती वाजता ते कागदावर आकड्यात लिहून द्या. मी तोंडी "चार" सांगितलं होतं, रिसेप्शनवरच्या मुलाने सहा ऐकलं, पहाटे चार वाजता गेटवर मी आणि एक कुत्रा.